गोल्फच्या मैदानावरील पाटलोण

१९८३ सालची गोष्ट. अमेरिकन ओपन या मानाच्या गोल्फ स्पर्धेची अखेरची फेरी पेन्सिल्व्हानिया राज्यातील ओकमाँट येथे चालू होती. फॉरेस्ट फेझलर नावाच्या खेळाडूने सतरावा होल आटोपला आणि तो वाटेवरच्या एका तात्पुरत्या शौचकूपात शिरला. बाहेर आला तेव्हा लांब पाटलोणीच्या जागी त्याच्या अंगावर अर्धी विजार होती. त्याच वेषात त्याने अठरावा होल खेळून फेरी संपवली. हा कोणी नवशिका उनाड पोरगा नव्हता; नऊच वर्षांपूर्वी याच स्पर्धेत त्याने दुसरा क्रमांक मिळवला होता. अमेरिकन ओपनमध्ये अर्ध्या विजारीत खेळलेला पहिला गडी म्हणून आज तो ओळखला जातो, आणि त्याचे इतर पराक्रम मात्र थोड्यांनाच आठवतात.

अर्ध्या विजारीने चेंडू चार हात लांब जात नाही, की प्रतिस्पर्ध्याची काही हानी होत नाही. मग धंदेवाईक खेळाडूने स्पर्धेत ती घालावी की घालू नये, हा प्रश्न इतका नाजूक का व्हावा? त्याचे उत्तर शोधू गेल्यास ते खेळाच्या नियमांत सापडत नाही. ते समाजाच्या इतिहासात सापडते.

गोल्फच्या नियमांची परंपरा जुनी आहे. १७४४ साली एडिंबरोच्या सभ्य गृहस्थांच्या मंडळीने लीथच्या मैदानासाठी तेरा नियम लिहून काढले. चेंडू पाण्यात पडला तर काय करावे, खेळताना काठी मोडली तर काय समजावे, याचा खल त्यांत आहे. पोशाखाविषयी चकार शब्द नाही. आजही स्थिती तीच आहे. होलाचा व्यास सव्वाचार इंच असावा, खेळाडूने चौदांहून अधिक काठ्या बाळगू नयेत, इतक्या बारकाईने नियम बोलतात. पण पाटलोणीची लांबी ते सांगत नाहीत. ती ठरवतात स्पर्धा भरवणारी मंडळे आणि मैदानांचे मालक असलेले क्लब.

आरंभीच्या काळात जो पोशाख ठरला त्याला तरी व्यवहाराचा आधार होता. त्या वेळचे गोल्फ सार्वजनिक माळांवर चाले. वाटसरू आणि गुराखी यांना उडत्या चेंडूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून खेळणारे लाल अंगरखे घालीत. लंडनजवळच्या विंबल्डन कॉमनवर खेळणाऱ्याने अंगात लाल कपडा घातलाच पाहिजे, हा दंडक अद्याप पाळला जातो. पण लाल अंगरख्याने दुसरेही एक काम केले. हा माणूस अमुक मंडळीचा सभासद आहे, हे तो दुरूनच सांगू लागला. उपयोगासाठी आलेला पोशाख अशा रीतीने प्रतिष्ठेची खूण झाला.

या सभासदांच्या मागून त्यांच्या काठ्या वाहत एक दुसरा वर्ग चालत असे. तोच चेंडू शिवी, काठ्या घडवी, हिरवळ राखी आणि पैज लागली म्हणजे मालकाच्या वतीने खेळेही. धंदेवाईक गोल्फपटूचा जन्म या वर्गात झाला. १७ ऑक्टोबर १८६० रोजी स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे पहिली खुली स्पर्धा झाली, तेव्हा तीत अवघे आठ धंदेवाईक उतरले. बारा होलांच्या मैदानाच्या तीन फेऱ्या १७४ फटक्यांत पुऱ्या करून विली पार्क याने लाल कातड्याचा पट्टा जिंकला. या खेळाडूंचे कपडे उच्चभ्रू प्रेक्षकांच्या डोळ्यांना खुपू नयेत म्हणून एग्लिंटनच्या अर्लने आपल्या जहागिरीतील मजुरांचे चौकटीचे डगले त्यांना घालायला दिले, असे सांगतात. खेळात ज्यांची बरोबरी करणारा कोणी नव्हता, त्यांनी काय घालावे हे ठरवणारा मात्र दुसराच होता.

हौशी आणि धंदेवाईक यांच्यातील ही भिंत क्रिकेटच्या चाहत्यांना अपरिचित नाही. इंग्लंडमध्ये ‘जंटलमेन’ आणि ‘प्लेअर्स’ यांचे सामने १८०६ पासून १९६२ पर्यंत होत राहिले, आणि कित्येक मैदानांवर दोघांच्या खोल्या व मैदानात उतरण्याचे दरवाजेही निराळे असत. गोल्फमध्ये तर धंदेवाईकाला क्लबाच्या इमारतीत पाऊल ठेवण्याचीच मनाई होती. १९२० साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरील डील येथे ब्रिटिश ओपनसाठी आलेल्या वॉल्टर हेगन या अमेरिकनाला हा अनुभव आला. कपडे बदलण्यास क्लबात जागा नाही, असे कळताच त्याने एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, ती क्लबाच्या दारासमोर उभी केली आणि तिलाच आपली पोशाखाची खोली बनवले. स्पर्धेत तो फार मागे राहिला. परंतु ती मोटार लोकांच्या लक्षात राहिली. १९२३ साली ट्रून येथे तो दुसरा आला. बक्षीस समारंभासाठी तेवढा क्लबात येण्याचा मान त्याला देऊ केला गेला. तो त्याने नाकारला आणि जमलेल्या प्रेक्षकांना आपल्याबरोबर पेयपानास नेले.

डीलचा प्रसंग ज्या वर्षी घडला, त्याच वर्षी अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलीडो येथे अमेरिकन ओपन भरली, आणि तेथील इनव्हर्नेस क्लबने धंदेवाईकांना आपली इमारत मोकळी करून दिली. कृतज्ञ खेळाडूंनी वर्गणी काढून त्या क्लबाला एक मोठे उभे घड्याळ भेट दिले. एका दरवाजातून आत येऊ दिल्याबद्दल घड्याळ भेट द्यावेसे वाटावे, यावरून तो दरवाजा किती काळ बंद होता याची कल्पना येईल.

पाटलोणीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. ज्याला बाहेर उभे केले होते तो आत आला, आणि आत टिकून राहण्यासाठी आतल्यांसारखा दिसू लागला. इस्त्रीची पाटलोण, स्वच्छ सदरा, चकाकते जोडे ही त्याची सनद झाली. हेगन स्वतः रेशमी सदऱ्यांचा भोक्ता होता. आपण कोणाचे चाकर नाही हे सांगण्याचा तो एक मार्ग होता. कडक उन्हात पायांना घाम सुटत असेल तर सुटो. अर्ध्या विजारीत परत जाणे म्हणजे मागच्या दाराशी परत जाणे, अशी काहीशी भावना या वर्गात रुजली असल्यास नवल नाही.

तथापि लांब पाटलोण ही गोल्फची सनातन परंपरा होय, हे मात्र खरे नव्हे. हॅरी वॉर्डन हा जर्सी बेटावरचा, बागकाम करून मोठा झालेला खेळाडू. ब्रिटिश ओपन त्याने सहा वेळा जिंकली, आणि गुडघ्याखाली आवळलेल्या तुमानीत खेळणारा तो पहिला धंदेवाईक समजला जातो. १९२० नंतरच्या दशकात तिच्याहून चार इंच खाली लोंबणारी ‘प्लस फोर’ तुमान आली. तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने ती उचलून धरताच अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर तिची साथ पसरली. पूर्ण लांबीची पाटलोण सर्वत्र झाली ती त्यानंतर. म्हणजे जिला आज अनादि म्हणून सांगितले जाते, ती रूढी फार तर तीन पिढ्यांची आहे.

शिवाय तीच पाटलोण स्त्रीने घातली तेव्हा काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. १९३३ साली डेव्हनमधील वेस्टवर्ड हो येथे इंग्लिश महिलांच्या स्पर्धेत ग्लोरिया मिनोप्रियो ही खेळाडू गडद निळ्या पाटलोणीत, हाती एकच काठी घेऊन उतरली. पहिल्याच फेरीत ती हरली. पण महिला गोल्फ संघाच्या चालकांनी तिच्या वेषाबद्दल नापसंती जाहीर केली. पुरुषाने पाय झाकले नाहीत तर असभ्य, स्त्रीने पाटलोणीने झाकले तर असभ्य! पुढे काळ बदलला. आज धंदेवाईक महिला गोल्फपटू स्पर्धेत अर्धी विजार खुशाल घालतात आणि त्यामुळे खेळाची अप्रतिष्ठा झाली असे कोणी म्हणत नाही.

टेनिसने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. इंग्लंडचा बनी ऑस्टिन १९३२ साली अमेरिकेत फॉरेस्ट हिल्स येथे अर्ध्या विजारीत खेळला आणि पुढल्या वर्षी त्याच वेषात विंबल्डनवर उतरला. १९४६ साली फ्रान्सचा ईव्हाँ पेत्रा विंबल्डन जिंकला, तो लांब पाटलोणीतला अखेरचा विजेता. चौदा वर्षांत निकाल लागला. टेनिसमध्ये धावावे लागते, म्हणून तेथे उपयोगाने रूढीवर चटकन मात केली. गोल्फपटू धावत नाही, तो चालतो. त्यामुळे त्याची गैरसोय कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. पण ते चालणेही लहान नव्हे. चार-पाच तासांत दोन-अडीच कोसांची रपेट, आणि तीही चार दिवस ओळीने, बहुधा भर उन्हाळ्यात.

ही गैरसोय अखेर डोळ्यांवर आली ती खेळाडूमुळे नव्हे, तर त्याच्या कॅडीमुळे. १९९९ साली शिकागोजवळ वेस्टर्न ओपन स्पर्धेत भयंकर उकाड्यात एक कॅडी मैदानावरच कोसळला. तोवर कॅडीलाही लांब पाटलोणीचीच सक्ती होती. अमेरिकेच्या पीजीए टूरच्या प्रमुखांनी त्यानंतर कॅडींना अर्ध्या विजारीची मुभा दिली. निर्णय माणुसकीचा होता. पण त्याने एक विचित्र दृश्य निर्माण केले. एकाच उन्हात, एकाच वाटेने दोघे चालतात. ओझे वाहणाऱ्याचे पाय उघडे आणि खेळणाऱ्याचे झाकलेले. प्रेस्टविकच्या त्या आठ जणांत असा भेद करता आला नसता, कारण काठ्या वाहणारा आणि खेळणारा हे तेव्हा एकाच घरातले होते.

यानंतरची पावले धिमी आहेत. २०१६ साली युरोपियन टूरने सरावाच्या फेऱ्यांत व हौशी मंडळींसह होणाऱ्या सामन्यांत अर्धी विजार चालेल असे ठरवले. २०१९ च्या फेब्रुवारीत पीजीए टूरने तेच केले. विजार गुडघ्यापर्यंतची, शिंप्याने नीट बेतलेली आणि टापटिपीची असावी, एवढी अट घातली. त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील लेपर्ड क्रीक येथील स्पर्धेत उष्म्यामुळे प्रत्यक्ष सामन्यातही ती चालू दिली गेली. २०२२ च्या सप्टेंबरात सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फने शिकागोच्या स्पर्धेपासून आपल्या खेळाडूंना पूर्ण मोकळीक दिली. त्यामुळे प्रश्नाला नवे वळण लागले. विजारीची लांबी ही आता दोन प्रतिस्पर्धी मंडळांच्या निष्ठेची खूण होऊ पाहत होती. लाल अंगरख्याचेच काम ती निराळ्या रीतीने करू लागली होती.

भारताला या वादातील दोन्ही बाजू चांगल्या समजाव्यात. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ साली कलकत्त्यात स्थापन झाला. १८४२ साली मुंबईतही एक निघाला. खेळाबरोबर क्लब आला आणि क्लबाबरोबर पोशाखाचा दंडक आला. अर्धी विजार या देशात कोणाच्या अंगावर असे, हे जुन्या पिढीला सांगायला नको. मुंबईचा पोलीस शिपाई निळ्या अर्ध्या विजारीत आणि पिवळ्या टोपीत कित्येक दशके चौकाचौकांत उभा असे. यथावकाश त्यालाही पूर्ण पाटलोण मिळाली. साहेबही अर्धी विजार घाली, पण ती दौऱ्यावर. क्लबातल्या मेजवानीला नव्हे. वस्त्र एकच, मात्र एकाला ती सोय होती आणि दुसऱ्याला पायरी. क्लबाच्या दाराशी धोतराची अडवणूक होत असे, आणि हा प्रश्न तर थेट कायद्यापर्यंत गेला. तमिळनाडूने २०१४ साली कायदा करून तेथील क्लबांत व सभागृहांत वेष्टीला मज्जाव करण्यास बंदी घातली.

भारतीय गोल्फची कहाणीही प्रेस्टविकची आठवण करून देते. १९६४ साली इंडियन ओपन सुरू झाली. पुढल्याच वर्षी ती पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने जिंकली. पण भारतीय धंदेवाईकाच्या हाती तो चषक पडायला १९९१ साल उजाडावे लागले. तो विजेता अली शेर. कॅडीच्या वर्गातून वर आलेला. अशा माणसाला पाटलोण सुटसुटीत वाटते की जाचक, याचे उत्तर त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी देऊ नये.

पाटलोणीचे कैवारी एक मुद्दा मांडतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धंदेवाईकाचे मैदान ही त्याची कचेरी होय. तेथे नेटकेपणा हवा, अन्यथा खेळाची शिस्तच ढिली पडेल, असे ते म्हणतात. नेटकेपणा हवा हे मान्यच आहे. पण गोल्फची शिस्त खरोखर कशात आहे, याचा दाखला १९२५ सालच्या अमेरिकन ओपनमध्ये मिळतो. वुस्टर येथे बॉबी जोन्सने फटक्यासाठी काठी टेकवली आणि त्याचा चेंडू किंचित हलला. तो इतर कोणी पाहिला नव्हता. पंचांनी निर्णय त्याच्यावर सोपवला, आणि त्याने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. अखेरीस बरोबरी झाली. निर्णायक फेऱ्यांत तो एका फटक्याने हरला. दंड घेतला नसता तर बरोबरीची वेळच आली नसती. गोल्फचे सभ्यपण दाखवण्यासाठी जाणते लोक अजून हीच गोष्ट सांगतात. आणि जोन्सच्या त्या काळच्या छायाचित्रांत पाहावे तर त्याची तुमान गुडघ्याखालीच आवळलेली आढळते, पुढे पायमोजे दिसतात.

तेव्हा धंदेवाईकांना अर्धी विजार घालू द्यावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड राहत नाही. कॅडीला जी सवलत उन्हाने मिळवून दिली, ती त्याच उन्हातल्या खेळाडूला नाकारण्यास गोल्फच्या नियमांत आधार नाही आणि इतिहासातही नाही. ज्यांना पाटलोण हवी त्यांनी ती जरूर घालावी. त्यांच्या पूर्वसूरींनी ती मोठ्या कष्टाने मिळवली होती. मात्र ज्या दरवाजासाठी त्यांनी ती अंगावर चढवली, तो दरवाजा टोलीडोला १९२० सालीच उघडला. आत आलेल्या माणसाला आता आपल्या योग्यतेची सनद पायांवर वागवण्याचे कारण उरलेले नाही.