तारप्याची रात्र आणि शरीराचे घड्याळ

डहाणू आणि तलासरी भागात भात पिकू लागले की वारल्यांच्या पाड्यांवर तारपा घुमू लागतो. सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांपासून हे वाद्य बनते. वादकाभोवती बायका-पुरुष एकमेकांना धरून फेर धरतात; सूर बदलला की पाऊल बदलते. नाच अनेकदा रात्रभर रंगतो.

शरीराचा कल मात्र रात्री झोपण्याकडे असतो. 1729 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मेरां यांनी लाजाळूसारखी वनस्पती अंधारात ठेवली, तरी तिची पाने रोजच्या वेळी उघडत-मिटत राहिली. सजीवांच्या आत घड्याळ असते, याचा हा पहिला मोठा पुरावा ठरला. माणसात मेंदूतील एक लहानसा पेशीसमूह ही लय सांभाळतो आणि डोळ्यांवाटे आलेल्या उजेडाने ती दिवसाशी जुळते. चांदणे त्यासाठी फार मंद पडते. म्हणून उत्तररात्री शरीराचे तापमान उतरते आणि झोप अनावर होते. ताल, हालचाल व सोबत तिला काही काळ थोपवतात.

वारल्यांच्या वेळेवर मात्र शरीराच्या घड्याळाखेरीज दुसराही अंमल होता: वेठबिगारीच्या काळात त्यांचे श्रम आणि वेळ दोन्ही जमीनदारांच्या हुकमाखाली होते. मे 1945 मध्ये झरी येथे किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने सभा झाली, त्यानंतर वारल्यांनी वेठ नाकारली. पुढे गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी तारप्याचा फेर कागदावर आणि कापडावर रंगवून जगभर पोहोचवला. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.