अरबी शिकायची ती कशासाठी?

अरबी हा मुख्य विषय घेऊन मुलाने किंवा मुलीने बी.ए. करायचे म्हटले, की आपल्याकडे दोनच प्रश्न येतात. धर्मशिक्षण द्यायचे आहे का? की दुबईला जायचे आहे? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हे प्रश्न नवे नाहीत. विद्यापीठांतल्या अरबीचा इतिहास पाहिला, तर ही भाषा शिकवण्यासाठी पैसा देणाऱ्यांची काही ना काही गरज दर वेळी दिसतेच.

इ.स. १३१२ मध्ये फ्रान्समधल्या व्हिएन गावी ख्रिस्ती धर्मपरिषद भरली होती. पॅरिस, ऑक्सफर्ड, बोलोन्या आणि सालामांका इथे अरबी शिकवावी, असा ठराव तिने केला. हेतू धर्मप्रसाराचा होता. ठराव बराचसा कागदावरच राहिला. पुढे १६३२ मध्ये टॉमस ॲडम्स या लंडनच्या कापड व्यापाऱ्याच्या पैशातून केंब्रिजला अरबीचे अध्यासन सुरू झाले. विद्यापीठाने त्याला लिहिलेल्या पत्रात तीन फायदे सांगितले आहेत: विद्या वाढेल, पूर्वेकडचा व्यापार वाढेल आणि चर्चची हद्द वाढेल. इतका स्पष्ट हिशेब आजकालच्या माहितीपत्रकातही सापडत नाही.

ऑक्सफर्डमध्ये १६३६ साली एडवर्ड पोकॉक अरबीचा पहिला प्राध्यापक झाला. त्याआधी काही वर्षे तो सीरियातल्या हलब, म्हणजे अलेप्पो शहरात इंग्रज व्यापाऱ्यांचा धर्मोपदेशक होता. तिथे शेख फतहुल्ला यांच्याकडे तो अरबी शिकला आणि हस्तलिखिते जमवू लागला. १६७१ मध्ये त्याच्या मुलाने इब्न तुफैल या अंदलुसी तत्त्वज्ञाची एक कथा लॅटिन भाषांतरासह छापली. निर्जन बेटावर हरणीच्या दुधावर वाढलेला एक मुलगा केवळ स्वतःच्या बुद्धीने सत्यापर्यंत पोचतो, अशी ती कथा. युरोपभर ती वाचली गेली. व्यापारासाठी आणि धर्मासाठी लावलेल्या झाडाला आले हे असले फळ.

विसाव्या शतकात अमेरिकेत हीच गोष्ट नव्या रूपात घडली. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका धास्तावली. १९५८ मध्ये संरक्षणाच्या नावाने एक शिक्षणविषयक कायदा झाला आणि परक्या भाषांच्या अभ्यासाला सरकारी पैसा मिळू लागला. नुसती भाषा नको, त्या प्रदेशाचा इतिहास, समाज, राजकारणही शिकवा, अशी ही योजना होती. पुढे २००१ मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला. २००२ मध्ये तिथल्या महाविद्यालयांत अरबी शिकणारे सुमारे साडेदहा हजार होते, २००९ मध्ये ते सुमारे ३५ हजार झाले. २०२१ पर्यंत आकडा पुन्हा २३ हजारांच्या आसपास आला.

या विद्यार्थ्यांना पहिला धक्का बसतो तो अरब देशात उतरल्यावर. वर्गात शिकलेली असते ती ग्रंथांची आणि बातम्यांची भाषा, फुसहा. गल्लीत मात्र बोलीच चालते. ‘आता’ या साध्या शब्दाला ग्रंथात ‘अल्-आन’, कैरोत ‘दिलवक्ती’, दमास्कसला ‘हल्ला’ आणि मोरोक्कोत ‘दाबा’ म्हणतात. पुस्तकात भाकरीला ‘खुब्ज’ म्हणतात, तर इजिप्तचा माणूस तिला ‘ऐश’ म्हणतो. ऐश म्हणजे जगणे. भाकरीलाच जगणे म्हणणारा समाज तिथे जाऊन राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून भाषा आणि प्रदेश एकत्र शिकायचे.

आता आपल्या दारात येऊ. आपली गरज कोणती? माझ्या मते आपला स्वतःचा इतिहास. मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजाला अरब प्रवासी ‘बल्हारा’ म्हणत. वल्लभराज या बिरुदाचे ते रूप. इ.स. ९१६ च्या सुमारास अल्-मसऊदी आपल्या चौलला आला. त्याच्या लिखाणात ते ‘सैमूर’ आहे. तिथे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो सांगतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे लोक आणि इथेच जन्मलेली त्यांची मुले. कोकणच्या एका बंदराचा हा जबाब अरबीत लिहिलेला आहे.

पेशवाईतले कागद पाहा. सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे सुहूर सन. पानिपत याच वर्षात झाले. मोडी लिहिणारा ब्राह्मण कारकून रोज अरबी अंक लिहीत होता आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नव्हते. आज मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकालाही ते अंक शिकावेच लागतात.

अरबी शब्द बहुधा तीन अक्षरांच्या धातूतून निघतात. ह-स-ल म्हणजे हाती येणे, मिळणे. त्यातून हासिल, महसूल आणि तहसील. ह-क-म मधून हुकूम, हाकिम, हकीम आणि हिकमत. आपला शेतकरी तहसील कचेरीत महसूल भरतो, तेव्हा तो एकाच धातूची दोन रूपे बोलत असतो.

माझ्यासारख्या घरातली मुले लहानपणी अरबी अक्षरे शिकतात, कुराण वाचायला शिकतात. अर्थ मात्र बहुतेकांना कळत नाही. शेजारच्या घराला वाटते, ही ‘त्यांची’ भाषा, आपला काय संबंध? अशा रीतीने एकाला उच्चार येतो पण अर्थ नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडी शब्द आहेत पण ओळख नाही. अरबीचे नुकसान यात काहीच नाही. नुकसान मराठीचे आहे, कारण चौलचा जबाब आपल्याला परक्यांच्या भाषांतरातून वाचावा लागतो.

दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ इथे पदवीपासून अरबी शिकता येते. तिथे जाणाऱ्या मराठी मुलांना नोकरी जरूर मिळो. आखातात जाणे हा काही गुन्हा नाही. पण त्यांतली दोन-चार मुले-मुली अल्-मसऊदीला मुळातून मराठीत आणायला परत यावीत. कुळकर्ण्याची असोत की काझीची, काही फरक पडत नाही. बल्हाराच्या मुलखात तेवढे काम अजून शिल्लक आहे. आणि हो, ‘शिल्लक’ हा शब्दही अरबीच मानतात.