पंधरा विद्यार्थी आणि दोन गावं

अमेरिकेत मार्च संपता संपता कॉलेजांचे प्रवेशाचे निकाल लागतात आणि १ मेपर्यंत एका ठिकाणी होकार कळवायचा असतो. एकाहून अधिक नामवंत कॉलेजांत प्रवेश मिळालेली मुलं त्या महिनाभरात आईवडिलांना घेऊन गावोगाव हिंडतात. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्यम्स आणि ॲमहर्स्ट या दोन कॉलेजांमध्ये निवड करायची वेळ आली की मुलं फार घोळात पडतात. दोन्ही कॉलेजं लहान, दोन्ही जुनी, दोन्हीकडचं शिकवणं तोलामोलाचं. उरतो प्रश्न गावाचा. विल्यम्सटाऊन डोंगरांच्या बेचक्यात वसलेलं, वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. ॲमहर्स्ट कनेटिकट नदीच्या खोऱ्यातलं, वस्ती चाळीस हजारांच्या घरातली. गाव बघून कॉलेज ठरवणं हे आजकालच्या मुलांचे लाड आहेत, असं कुणाला वाटेल. पण दोनशे वर्षांपूर्वी याच प्रश्नावरून एक कॉलेज फुटलं आणि दुसरं उभं राहिलं.

विल्यम्सटाऊनची जागा ठरली ती एका मृत्युपत्रामुळे. कर्नल इफ्रेम विल्यम्स हा ब्रिटिशांच्या बाजूने फ्रेंचांविरुद्ध लढताना सप्टेंबर १७५५ मध्ये लेक जॉर्जजवळ मारला गेला. राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या वस्तीत मोफत शाळा काढण्यासाठी त्याने आपली मिळकत ठेवली होती. अट अशी, की गावाला त्याचं नाव द्यायचं. शाळा १७९१ मध्ये उघडली आणि १७९३ मध्ये तिचं कॉलेज झालं. शिक्षणाला कुठली जागा सोयीची, हा विचार त्यात फारसा नव्हताच. पूर्वेला हूसॅकची डोंगररांग, दक्षिणेला १,०६४ मीटर उंचीचा ग्रेलॉक आणि बॉस्टन दोनशे किलोमीटरहून लांब. हिवाळ्यात बर्फ पडला की गाव जगापासून तुटायचं.

या आडगावाचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. १८०६ च्या उन्हाळ्यात विल्यम्सचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेसाठी जमले होते. वादळ आलं आणि त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. परदेशात धर्मप्रसाराला जायचं, हा विचार तिथे पक्का झाला. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन मिशनरींची परदेशी काम करणारी पहिली मोठी संस्था निघाली. विल्यम्समधून १८०८ मध्ये पदवी घेतलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकला आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कामाला लागला. १८२६ मध्ये नाशिकच्या प्रवासात कॉलऱ्याने त्याचा अंत झाला. त्याच मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं.

पण कॉलेजच्या विश्वस्तांना चिंता होती ती विद्यार्थी मिळण्याची. इतक्या दूर मुलं येणार कशी, हा प्रश्न वरचेवर निघू लागला. १८१५ मध्ये अध्यक्ष झालेले झेफनाया स्विफ्ट मूर यांचं मत स्पष्ट होतं: कॉलेज नदीच्या खोऱ्यात हलवायला हवं. विश्वस्तांनी बहुमताने तसा ठराव केला आणि जागा निवडायला तिघांची समिती नेमली. समितीने नॉर्थॅम्प्टन हे गाव सुचवलं. जवळच्या ॲमहर्स्टचे लोकही स्वस्थ नव्हते. गरीब होतकरू मुलांना धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी पन्नास हजार डॉलरचा निधी उभा केला होता आणि कॉलेज आपल्या गावी यावं, अशी त्यांची खटपट चालली होती. अखेर १८२० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने स्थलांतराला परवानगी नाकारली.

ॲमहर्स्टवाले थांबले नाहीत. ऑगस्ट १८२० मध्ये त्यांनी पहिल्या इमारतीची कोनशिला बसवली. शब्दकोशकार नोआ वेब्स्टर तेव्हा ॲमहर्स्टमध्येच राहत होता. समारंभात त्याचं भाषण झालं. आसपासच्या लोकांनी दगड, लाकूड, चुना दिला आणि अंगमेहनतही केली. एमिली डिकिन्सन या कवयित्रीचे आजोबा सॅम्युएल डिकिन्सन यांनी तर या कॉलेजापायी आपली सांपत्तिक स्थिती पार बिघडवून घेतली.

सप्टेंबर १८२१ मध्ये कॉलेज उघडलं तेव्हा मूर अध्यक्ष म्हणून तिथे आले होते आणि त्यांच्यासोबत विल्यम्सचे पंधरा विद्यार्थी होते. सगळे मिळून विद्यार्थी होते ४७, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा विल्यम्समधून आलेला. या मुलांनी केवढी जोखीम पत्करली होती! नव्या कॉलेजला राज्याची सनद नव्हती, त्यामुळे स्वतःच्या नावाने पदवी देण्याचा अधिकारही नव्हता. ती सनद १८२५ मध्ये मिळाली. त्याआधीच, १८२३ मध्ये, मूर वारले होते.

जे मागे राहिले त्यांची बाजूही तितकीच मोलाची आहे. कॉलेज बुडणार या धास्तीने विल्यम्सचे माजी विद्यार्थी त्याच महिन्यात एकत्र आले आणि त्यांनी आपली संघटना काढली. माजी विद्यार्थ्यांची जगातली सर्वांत जुनी संघटना म्हणून आज ती ओळखली जाते. ॲमहर्स्ट मात्र झपाट्याने वाढलं. १८३० च्या दशकाच्या मध्यावर विद्यार्थिसंख्येत येलच्या खालोखाल देशात त्याचाच क्रमांक होता. गावाच्या बाबतीत मूर यांचा होरा खरा ठरला, असं तेव्हा कुणीही म्हटलं असतं.

१८५४ मध्ये ओहायोतल्या एका गरीब तरुणाने मात्र वेगळाच हिशेब मांडला. जेम्स गारफील्डने येल, ब्राउन आणि विल्यम्स या तीन कॉलेजांना पत्रं लिहिली. पदवीला किती काळ लागेल, याचं उत्तर तिन्हीकडून सारखंच आलं: दोन वर्षं. विल्यम्सचे अध्यक्ष मार्क हॉपकिन्स यांनी मात्र, तुमच्यासाठी जे करता येईल ते आम्ही आनंदाने करू, अशा अर्थाचं एक वाक्य वर जोडलं होतं. तेवढ्या आपुलकीवर गारफील्डने डोंगरातलं कॉलेज निवडलं. १८५६ मध्ये तो पदवीधर झाला आणि १८८१ मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तो ज्या प्रवासाला निघाला होता त्यात विल्यम्सची भेटही ठरलेली होती.

पुढे अंतराचा अर्थच बदलला. ॲमहर्स्टला रेल्वे १८५३ मध्ये आली; ती आणण्यात एमिलीचे वडील एडवर्ड डिकिन्सन पुढे होते. विल्यम्सटाऊनला पूर्वेकडून रेल्वेने जोडण्यासाठी हूसॅकचा डोंगर फोडावा लागला. साडेसात किलोमीटर लांबीच्या त्या बोगद्याचं काम १८५१ ते १८७५ असं चाललं आणि त्यात दोनशेच्या आसपास माणसं दगावली.

विसाव्या शतकात तर दूर असणंच विल्यम्सटाऊनच्या कामी आलं. सिंगर शिलाई मशीनच्या धंद्यातून आलेल्या संपत्तीचे वारस स्टर्लिंग क्लार्क यांना आपला चित्रसंग्रह ठेवायला जागा हवी होती. अणुयुद्धाच्या भीतीच्या त्या काळात न्यूयॉर्कपासून दूर असलेलं हे गाव त्यांना सुरक्षित वाटलं, शिवाय घराण्याचा कॉलेजशी जुना संबंध होताच. १९५५ मध्ये क्लार्क संग्रहालय उघडलं आणि रेन्वाची चित्रं विल्यम्सच्या मुलांना पायी जाण्याच्या अंतरावर आली. ॲमहर्स्टची वाट वेगळी. माउंट होल्योक, स्मिथ, हॅम्पशायर आणि राज्याचं विद्यापीठ यांच्याबरोबर त्याने १९६५ मध्ये संघ केला. त्यामुळे विद्यार्थ्याला बसने शेजारच्या कॉलेजात जाऊन तिथला विषय शिकता येऊ लागला.

म्हणून प्रवेशपत्र हाती असलेल्या मुलाने गावात तासभर फेरफटका मारून समाधान मानू नये. फेब्रुवारीच्या बर्फात रविवारची संध्याकाळ इथे कशी जाते, आपल्या आवडीचा विषय इथे नसेल तर तो शिकायला कुठे जाता येतं, आर्थिक मदतीतून घरी जायचं भाडं सुटतं का, अडचणीत दार ठोठवावं असा प्राध्यापक चालत जाण्याइतका जवळ राहतो का, हे तिथल्या मुलांना नीट विचारून घ्यावं. हे प्रश्न वर्गातल्या शिक्षणाइतकेच महत्त्वाचे आहेत, कारण चार वर्षांतला बहुतेक वेळ वर्गाबाहेरच जायचा असतो.