बाजार ते मॉल : किमतीच्या चिठ्ठीचा इतिहास

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्या अड्याळात काय विचारतात? आधी, काय पाहिलं. मग, काय आणलं. आणि बॅग उघडली की प्रत्येक वस्तूवर एकच प्रश्न : केवढ्याला पडलं? आज आपण या शेवटच्या प्रश्नाचा इतिहास पाहू. कारण त्याची उत्तरं दोन प्रकारची असतात. 'सांगत होता इतके, दिले इतके' हे जुन्या बाजारातलं उत्तर. 'लिहिले होते तेवढे दिले' हे मॉलमधलं. या दोन उत्तरांमध्ये काही शतकांचं अंतर आहे.

प्रथम जुना बाजार घेऊ. 1453 मध्ये इस्तंबूल जिंकल्यावर काही वर्षांतच सुलतान दुसरा मेहमद याने तिथे कापडाच्या व्यापारासाठी छपराची भक्कम इमारत उभारली. तिचं उत्पन्न आयासोफियाला लावून दिलं होतं. तिच्याभोवती गल्ल्या वाढत गेल्या आणि आजचा 'ग्रँड बझार' झाला. सराफांची गल्ली वेगळी, चामड्याची वेगळी. आपल्याकडे पुण्यात तांबट आळी, मुंबईत झवेरी बाजार, तसंच हे. एकाच मालाची दुकानं शेजारी-शेजारी का बरं? गिऱ्हाईक पाच ठिकाणी विचारतं आणि खरा भाव त्याला कळतो. म्हणजे घासाघीस हा नुसता लोभाचा खेळ नाही. जिथे भाव कुठेच लिहिलेला नाही, तिथे तो शोधून काढायची ती रीत आहे.

पण या रीतीला दुसरी बाजू होती. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने आपल्याकडच्या हिरेव्यापाऱ्यांचं वर्णन केलंय : कापडाखाली हातात हात, बोटांच्या खुणांनी सौदा, तोंडातून शब्द नाही. आपल्या बैलबाजारातही रुमालाखालचे सौदे होत आलेत. सौदा झाकायचा कशाला? तर याला सांगितलेला भाव त्याला कळू नये म्हणून! भाव मालाचा नसे, माणसाचा असे. ओळखीच्याला एक, परगावच्याला दुसरा. आणि ज्यांना अस्पृश्य मानलं, त्यांचे पैसे दुरून टाकायला लावत, माल वरून सोडत. त्यांनी भाव करायचा कुठल्या तोंडाने? जुन्या बाजारातल्या आपुलकीबद्दल आपण फार बोलतो. ती होती, खोटं नाही. पण सगळ्यांच्या वाट्याला नव्हती.

आता चिठ्ठीकडे येऊ. वस्तूवर एकच किंमत, ही कल्पना पुष्कळांना धूर्त व्यापाऱ्यांची वाटते. तिचं एक मूळ मात्र नीतिविचारात आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या लोकांनी ठरवलं की, घ्यायचे पाच आणि सांगायचे आठ, हे असत्य आहे. म्हणून जी किंमत घ्यायची तीच सांगायची. लहान मूल दुकानात आलं तरी तीच. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे थांबावंसं वाटतं. सत्य बोलण्याचा नियम काटेकोर पाळायला गेलं आणि त्यातून व्यापाराची नवी पद्धत निघाली!

पुढे 1852 मध्ये पॅरिसच्या 'बाँ मार्शे' दुकानात आरिस्तीद बूसिको भागीदार झाला. तिथे ठरावीक किंमत, माल परत करण्याची सोय आणि मुक्त प्रवेश, या तिन्ही गोष्टी रुळल्या. तोवर दुकानात पाऊल टाकलं की काहीतरी घ्यावं, असा संकोच असे. आता नुसतं पाहून परतता येऊ लागलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला जॉन वनामेकरने 1876 मध्ये रेल्वेच्या जुन्या आवारात असंच प्रचंड दुकान उघडलं. हे शहर आपल्याला परकं नाही. दहाच वर्षांनी, मार्च 1886 मध्ये, आनंदीबाई जोशी तिथेच डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून तिथे गेल्या. नऊवारीतल्या परक्या स्त्रीला आणि तिथल्या शेठाणीला चिठ्ठीवर एकच आकडा दिसणार, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मग मॉल. 1956 मध्ये मिनियापोलिसजवळ 'साउथडेल' उघडला : बंदिस्त, आतली हवा नियंत्रित. त्याचा वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा. लोकांना भेटायला, बसायला चौक मिळावा, ही त्याची इच्छा. प्रत्यक्षात भोवती मोटारींचं मैदान आणि आत नुसती खरेदी झाली. म्हातारपणी त्याने या मॉलांचं पितृत्वच नाकारलं. आणि आपल्याकडे? 1999 मध्ये मुंबईत हाजीअलीजवळ 'क्रॉसरोड्स' सुरू झाला. सुरुवातीला आत जायचं तर मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशशुल्क भरा, असा नियम होता. गंमत बघा : आत प्रत्येक वस्तूला एकच भाव, पण माणसांची निवड दारात. चिठ्ठीने भेद काढला, तो दाराने परत आणला.

मग प्रवासात आपण कुठे जावं? दोन्हीकडे जावं, पण डोळे उघडे ठेवून. दुबईचा सोन्याचा बाजार पाहा. तिथे सोन्याचा दर दिवसागणिक लावलेला असतो. तो कुणी पाडत नाही. घासाघीस चालते ती घडणावळीवर. आपल्या सराफाकडे हेच, आणि आपल्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्याचा भाव करताना तरी आपण वेगळं काय करतो? धातूचा दर निमूट मान्य. कमी होतो तो घडवणाऱ्या हाताचा. कांट म्हणतो, काही गोष्टींना किंमत असते आणि माणसाला प्रतिष्ठा. मॉलमध्ये तो हात दिसतच नाही, म्हणून आपण गप्प पैसे देतो. बाजारात तो समोर दिसतो, आणि आपण त्याच्याशीच भांडतो.

तेव्हा परदेशातून आलेल्याला केवढ्याला पडलं हे जरूर विचारा. आणि त्या वेळी कमी कुणाचं केलं, तेही विचारा.