सदुसष्ट डबल्स: अर्ल वेबचा १९३१चा हंगाम

आता ही यादी बघा. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका हंगामात साठ किंवा जास्त ‘डबल्स’ मारणारे फलंदाज किती? फक्त सहा. डबल म्हणजे आपल्या क्रिकेटमधल्या दोन धावा नव्हेत, बरं का. फटका मारून फलंदाज थेट दुसऱ्या बेसवर पोहोचला, की झाली डबल. धाव पुरी व्हायला अजून दोन टप्पे उरतातच.

हे सहाही जण १९२६ ते १९३६ या अकरा वर्षांतले. पुढे २०२३ साली फ्रेडी फ्रीमन आला, तोही ५९वर थांबला.

पहिला क्रमांक अर्ल वेबचा. लहानपणी टेनेसीत कोळशाच्या खाणीत राबलेला हा माणूस. १९३१ साली बोस्टन रेड सॉक्सकडून त्याने ६७ डबल्स मारल्या. विक्रमासाठी तो मुद्दाम दुसऱ्या बेसवर थांबतो, अशी कुजबुजही झाली. साऱ्या कारकिर्दीत त्याच्या डबल्स १५५. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त त्या एकाच वर्षातल्या! उलट ट्रिस स्पीकरच्या एकूण ७९२, आजही सर्वाधिक. पण एका हंगामात साठ कधीच नाहीत.

मग वेबचा विक्रम निव्वळ नशीब म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. तो काळ फलंदाजांना अनुकूल होता, हे खरं. पण तो सगळ्यांनाच मिळाला होता. सदुसष्टपर्यंत पोहोचला तो मात्र एकटा वेब.