फड, सुपारी आणि विठाबाई नारायणगावकर

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेले असून, तेथील गावांचा सार्वजनिक व्यवहार आजही बऱ्याच अंशी ग्रामदैवताच्या यात्रेभोवती फिरतो. आंबेगावच्या पूर्व भागातील निरगुडसर, अवसरी, पारगाव या पट्ट्यात चैत्र-वैशाखात यात्रांचा हंगाम सुरू झाला की मांडवडहाळे, पालखीचा छबिना, शेरणीवाटप, घाटातील बैलगाडा शर्यती आणि कुस्त्यांचा आखाडा असा क्रम लागतो, आणि त्यात रात्रीचा तमाशा व दुसऱ्या दिवशी उजेडी होणाऱ्या त्याच फडाच्या ‘हजेऱ्या’ यांना हक्काचे स्थान असते. कुकडी प्रकल्पातील डिंभे धरणाचे पाणी कालव्यांनी येथवर पोहोचल्यावर बाजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला आणि यात्रेची वर्गणीही त्या मानाने वाढली; मात्र तमाशाची मागणी पाटाच्या पाण्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या गायिका-नर्तकीचे आयुष्य समजून घ्यावयाचे, तर आधी या मागणीची घडण समजून घेणे भाग आहे, कारण त्यांची कारकीर्द ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांपेक्षा गावोगावच्या यात्रा कमिट्यांनी घडविली.

तमाशाचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. संगीत बारीत गायिका-नर्तकी पेटी-तबल्याच्या साथीने मुख्यतः लावणी सादर करतात. ढोलकी फडात मात्र गणपतीला आवाहन करणारा गण, कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांची गवळण, चुटक्यांनी भरलेली बतावणी, लावण्यांची रंगबाजी आणि अखेरीस वग, म्हणजे गद्य-पद्यमिश्रित नाट्य, असा रात्रभराचा ऐवज असतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ही त्याची वाद्ये होत. दसऱ्याला बाहेर पडलेला तंबूचा फड प्रथम गावोगाव तिकिटावर खेळ करतो आणि चैत्र लागला की यात्रांच्या सुपाऱ्यांवर जगतो. विसार देऊन खेळाची तारीख पक्की करणे म्हणजे सुपारी. पुणे-नाशिक महामार्गावरील, मीना नदीकाठचे नारायणगाव हे या व्यवहाराचे केंद्र असून, गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात. राहुटीबाहेर फडमालकाच्या नावाची पाटी आणि आत वही घेऊन बसलेला व्यवस्थापक, अशी ही हंगामी कचेरी असते. गावचे पंच एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत जात नर्तकी किती, वग कोणता आणि हजेरी सुपारीतच धरली आहे की नाही, याची चौकशी करतात. चैत्र पौर्णिमा किंवा वद्य अष्टमी, म्हणजे कालाष्टमी, अशा तिथीला अनेक गावांच्या यात्रा एकाच दिवशी येत असल्याने त्या तारखांचा भाव चढतो. थोडक्यात, तमाशा कलावंताचा बाजारभाव पुष्कळदा पंचांगावर ठरतो, आणि ही गोष्ट कलेच्या इतिहासात फारशी नोंदली जात नाही.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपूर येथे झाला. आजोबा नारायण खुडे यांनी उभा केलेला फड पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने चालविला, त्यामुळे लावणी, गवळण आणि भेदिक, म्हणजे कलगी-तुरा परंपरेतील प्रश्नोत्तरी कवने, ही सारी त्यांच्या कानांवर बालपणापासून पडत होती. शाळेत त्यांचे मन रमले नाही, आणि रीतसर गायन-नृत्याचे शिक्षणही त्यांना मिळाले नाही. फडाच्या या नावात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून फड ओळखला जाणे ही तमाशातील सर्वसाधारण रीत असून शिरोलीकर, कवलापूरकर, ढवळपुरीकर ही नावे तिचीच उदाहरणे आहेत. परंतु ज्या जातीला गावगाड्यात वेशीबाहेर ठेवले गेले, तिचे नाव फडाच्या पाटीवर ठळकपणे मिरविणे ही वेगळीच बाब होती. हलगी आणि सनई वाजविण्याचे परंपरागत काम मांग समाजाकडे असल्याने या नावात वादनातील हुकमतीची ग्वाही होती, हे खरे असले, तरी जे गाव या कलावंतांच्या खेळाला रात्रभर दाद देत असे, ते दिवसा त्यांना पाणवठ्यावर कोणती वागणूक देत असे, हा प्रश्न त्या पाटीने झाकला जात नाही.

तमाशात स्त्रिया आल्या त्या तुलनेने उशिरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ढोलकी फडात लुगडे नेसून नाचणारा मुलगा, म्हणजे नाच्या पोऱ्या, स्त्रीची भूमिका करी, आणि शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांच्या फडातील, संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा येथील पवळा ही या रंगमंचावर नाव कमावणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी होय. याच सुमारास इजिप्तमध्ये नेमका उलटा प्रकार दिसतो. विसाव्या शतकातील सर्वांत लोकप्रिय अरबी गायिका उम्म कुलसूम ही नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील एका खेड्यातल्या इमामाची मुलगी. लग्नसमारंभांत वडिलांबरोबर धार्मिक गीते गाताना तिला मुलाचा वेश घालावा लागे. दोन्ही समाजांना स्त्रीचा आवाज हवा होता, पण तो उघडपणे स्त्रीचा म्हणून ऐकण्याची तयारी दोन्हीकडे उशिराच झाली.

तथापि साम्य येथेच संपते. उम्म कुलसूम कैरोत आली, तिच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि १९३४ मध्ये सुरू झालेल्या इजिप्तच्या सरकारी नभोवाणीवरून महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिची मैफल दशकानुदशके साऱ्या अरब जगात ऐकली गेली, त्यामुळे १९७५ मध्ये तिचे निधन झाल्यावरही तिचा आवाज घराघरांत राहिला. तमाशाचे गाणे अशा रीतीने साठविले जाणारे नव्हते. शाहिराने किंवा नर्तकीने ओळ टाकायची, मागे उभ्या सुरत्यांनी, म्हणजे झीलकऱ्यांनी, ‘जी जी’ म्हणत ती उचलून धरायची, ढोलकीवाल्याने पुढे येऊन तोडा वाजवायचा आणि प्रेक्षकांतून फर्माईश आली की तीच लावणी निराळ्या अदेने पुन्हा घ्यायची, या देवाणघेवाणीत तिचा जीव असे. चित्रपट आणि ध्वनिमुद्रिकांतून शहरांत पोहोचलेली लावणी बहुतांशी पार्श्वगायिकांच्या आवाजातील आहे. फडावरच्या गायिकेची ख्याती मात्र मुख्यतः तिला पाहिलेल्या माणसांच्या स्मरणात राहिली, आणि इतिहासकाराच्या दृष्टीने ही मोठीच अडचण आहे.

विठाबाईंविषयी सर्वांत अधिक सांगितली जाणारी हकिकत त्यांच्या गरोदरपणातील आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या, कळा येताच कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा रंगमंचावर येण्यास निघाल्या, असे तिचे स्वरूप आहे. कलानिष्ठेचा दाखला म्हणून ती गौरवाने सांगितली जाते, आणि त्यांच्या धैर्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तीच हकिकत धंद्याच्या अटींचा पुरावा म्हणूनही वाचली पाहिजे. ज्या खेळाची गर्दी मुख्य बाईच्या नावावर जमली, तो खेळ तिच्यावाचून उभा राहिला तर पैसे परत मागितले जाणार, कनाती फाटणार आणि फडातील प्रत्येक माणसाचा रोज बुडणार, ही भीती तिला ठाऊक होती. तंबूच्या मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. पावसाळ्यात खेळ बंद असल्यामुळे त्यांना ‘उचल’, म्हणजे पुढील हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम, द्यावी लागते आणि त्यासाठी फडमालक अनेकदा सावकाराकडे जातो. एवढ्या साखळीचे ओझे वाहणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाची रजा देणारे त्या व्यवस्थेत कोणीच नव्हते.

राजमान्यता त्यांना मिळाली. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांना राष्ट्रपतींकडून पदके मिळाली. यातील पहिल्या सन्मानाचे मोल अधिक धरावे लागते, कारण त्याच्या दशकभर आधीच बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली होती, आणि पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या समितीच्या मार्फत सुधारणेच्या अटी घालून ही कला पुन्हा चालू होऊ दिली होती. मात्र पदकांनी उत्पन्नाची हमी दिली नाही. विठाबाईंची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली, १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले, आणि रुग्णालयाचे देणे देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. त्यानंतर चार वर्षांनी, २००६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने तमाशातील प्रदीर्घ सेवेसाठी वार्षिक जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्येष्ठ कलावंत हयात असताना त्याच्या हाती रक्कम पडावी, ही कल्पना शासनाला सुचली ती उशिरा, पण सुचली.

या पुरस्काराच्या मानकऱ्यांत कांताबाई सातारकर आहेत, निरगुडसरच्या परिसरातीलच अवसरीचे नाव लावणारे वसंत अवसरीकर आहेत, आणि विठाबाईंची कन्या मंगला बनसोडे याही आहेत. मंगलाबाईंनी साताऱ्याकडील करवडी गावाचे नाव लावून, मुलगा नितीनकुमार याच्यासह स्वतंत्र फड चालविला, तर नारायणगावकर हे नाव घराण्यातील इतरांनी पुढे नेले; एका घरातून असे अनेक फड फुटणे तमाशाच्या धंद्यात नवे नाही, आणि त्यात भाऊबंदकी जितकी असते तितकीच वाढत्या मागणीची निकडही असते. यात्रांवर जगणाऱ्या या फडांना मोठा फटका बसला तो २०२० मध्ये. करोनाची टाळेबंदी लागू झाली तो २५ मार्चचा दिवस गुढीपाडव्याचाच होता, त्यामुळे नारायणगावच्या राहुट्यांवरील सुपाऱ्यांचा ऐन हंगाम बुडाला, पुढच्या वर्षीच्या यात्राही बंद राहिल्या आणि वाटलेली उचल फडमालकांच्या अंगावर पडली.