खंडेनवमी आणि गंज पेठेची तालीम

आश्विन शुद्ध नवमीस शस्त्रपूजन करण्याचा आचार मराठी घरांतून सर्वत्र आढळतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली नांदलेल्या बालाघाटच्या मुलखासही तो परका नाही. पाटावर मांडलेल्या शस्त्रास हळदकुंकू व फूल वाहिले जाते. परंतु ते शस्त्र नवशिक्याच्या हाती प्रथम कोणी दिले, हा प्रश्न पूजेच्या वेळी क्वचितच कोणाच्या मनात येतो. त्याचे नावानिशी देता येईल असे एक उत्तर पुण्याच्या गंज पेठेत मिळते. आज तिला महात्मा फुले पेठ म्हणतात.

येथे लहुजी राघोजी साळवे यांची तालीम होती. लहुजींचा जन्म १७९४ मध्ये पुरंदरच्या पायथ्याशी मांग कुळात झाला. १८१७ च्या खडकीच्या लढाईत त्यांचे वडील राघोजी धारातीर्थी पडले. पेशवाई बुडाली आणि शस्त्र बाळगणाऱ्यांचा रोजगारही बुडाला. लहुजींनी मात्र विद्या बुडू दिली नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त, आपण दांडपट्टा व निशाण मारण्याची कसरत लहुजींपाशी शिकलो, असे स्वतःच नमूद केले आहे, आणि ती इंग्रजी राज्य उलथविण्याच्या ईर्षेने शिकलो, हेही लपविलेले नाही. पुढे शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके याच वस्तादांच्या हाताखाली तयार झाले.

त्या काळची बंदूक ठासणीची. नळीत दारू व गोळी घालून गजाने ठासावयाची. एक बार झाला की दुसऱ्यास विलंब लागे. चुकलेला नेम लगेच सुधारता येत नसल्याने शिकाऱ्याच्या अंगी उतावळेपणा चालत नसे. अशी विद्या पोथीतून येत नाही. खांदा किती ताठ, श्वास केव्हा रोखावा, हे शेजारी उभ्या राहिलेल्या वस्तादानेच दाखवावे लागते. गुरुशिष्य हा शब्द आपण संगीतापुरता व वेदपठणापुरता का राखून ठेवतो, कळत नाही. माळी कुळातील फुले आणि ब्राह्मण कुळातील फडके ज्यांच्यापुढे शिष्य म्हणून उभे राहिले, त्या वस्तादांना त्या काळी देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. मंदिराशी जोडलेल्या आपल्या समाजाने हे विसरू नये.

१८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. युरोपीय मात्र मोकळे राहिले. कोडगूच्या कोडवांना दिलेली सूट अपवादात्मक होती, आणि ती आजही चालू आहे. दुसऱ्याच वर्षी, १८७९ त, फडक्यांचे बंड झाले व मोडले. १८८१ मध्ये लहुजी निवर्तले, तर फडके १८८३ त एडनच्या तुरुंगात वारले. कायद्याने शस्त्रे घेतली त्यापेक्षा शिकविणारे हात निकामी केले, हीच त्याची मोठी हानी, असे मला वाटते. पूजा राहिली, वस्ताद गेला.

ही तुटलेली परंपरा सांधण्याचा एक मोठा प्रयत्न जुन्या मध्य प्रांतातूनच झाला. बिलासपूर येथे १८७२ मध्ये जन्मलेले व नागपुरास डॉक्टरी करणारे बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३५ मध्ये संस्था स्थापून १९३७ त नाशकास भोंसला सैनिकी शाळा उघडली. १९३१ मध्ये इटलीत जाऊन त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली होती व तेथील मुलांच्या लष्करी संघटना पाहिल्या होत्या. घरी लहुजींचा दाखला असता इतके दूर जाण्याचे कारण काय, अशी शंका कोणी घेतली तर ती अस्थानी म्हणता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली. तिच्यात जात न विचारता, मुलगा असो वा मुलगी, नवशिक्याला जमिनीवर पालथे झोपवून पॉइंट टू टू रायफलीने निशाण धरावयास शिकवितात. लहुजींची समाधी पुण्यास संगमवाडीत आहे.